घरच्या बिअर फ्रीजला तोट्या आणि ड्रिप ट्रे बसवताना

जुन्या फ्रीजमध्ये बिअरचा केग, म्हणजे धातूचे उभट पिंप, ठेवून त्याची तोटी दाराबाहेर काढणे हे काम ड्रिल मशीन चालवता येणाऱ्या कोणालाही एका दुपारी उरकता येते. अडचण एवढीच, की एकदा पाडलेले भोक मागे घेता येत नाही, आणि ते कुठे पाडायचे याचा निर्णय तोटी हातात धरून दारासमोर उभे राहिल्यावर घेतला तर तो बहुधा चुकतो. माझा पहिला फ्रीज असाच बिघडला. दोन तोट्या दाराच्या मधोमध, दिसायला बऱ्या वाटतील अशा उंचीवर बसवल्या आणि मग खालचे थेंब झेलणाऱ्या ट्रेचा विचार सुरू केला. उंच ग्लास उभा राहील इतकी जागा सोडल्यावर ट्रे थेट गुडघ्यापाशी आला. त्यामुळे प्रत्येक ग्लास वाकून भरावा लागे आणि येता-जाता गुडघा ट्रेला लागे तो वेगळाच. त्यात आतल्या बाजूला शँकचे, म्हणजे तोटी ज्यावर बसते त्या दारातून आरपार जाणाऱ्या नळीचे, टोक केगच्या रबरी मुठीला टेकत होते, म्हणून दार बोटभर उघडे राहिले आणि सकाळपर्यंत आत बर्फाचा थर जमला. हे सगळे टाळण्यासाठी मापे घेण्याचा क्रम उलटा करावा लागतो: आधी केग, मग ट्रे आणि सर्वांत शेवटी तोटी.

भोक कोणत्या बाजूला पाडावे

उभ्या फ्रीजसाठी दार हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. पुष्कळ फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या भिंतींच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात, काहींमध्ये त्या दाराच्या चौकटीभोवतीही फिरवलेल्या असतात, आणि बाहेरून पाहून त्यांचा मार्ग कळत नाही. अशी एक नळी ड्रिलने फुटली की आतला वायू निघून जातो आणि तो फ्रीज व्यवहारतः संपतो. त्यातच अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे नळी फुटणे हे केवळ नुकसान राहत नाही, तर तो धोकाही ठरतो. मागच्या पाटीवर वायूचे नाव छापलेले असते. काम सुरू करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. साध्या दारात मात्र अशा नळ्या नसतात. बाहेर पत्रा, मध्ये फोम आणि आत प्लास्टिकचे अस्तर एवढाच त्याचा संसार असतो. अपवाद पाण्याची किंवा बर्फाची सोय असलेल्या आणि पुढे दिवे व बटणे असलेल्या दारांचा. त्यांच्या आतून तारा आणि पाण्याच्या नळ्या जातात, म्हणून अशा फ्रीजच्या वाटेला न गेलेलेच बरे.

काही कारणाने बाजूच्या भिंतीतूनच तोटी काढायची असेल, तर नळ्यांचा माग काढण्याची एक जुनी युक्ती आहे. मक्याचे पीठ आणि स्पिरिट कालवून पातळ लेप करावा, तो भिंतीवर पसरावा आणि फ्रीज चालू ठेवावा. गरम नळीवरचा लेप आधी वाळतो आणि नळीचा मार्ग पांढऱ्या रेषेत उमटतो. ही युक्ती गरम नळ्यांपुरतीच उपयोगी आहे, हे लक्षात ठेवावे.

झाकण वर उघडणाऱ्या पेटीसारख्या फ्रीजरच्या भिंतीत तर चारही बाजूंनी नळ्या असतात, त्यामुळे तिथे भोक पाडण्याचा विचारही करू नये. त्यासाठी पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात आणि तोट्या त्या चौकटीतून काढतात. फ्रीजरच्या मूळ शरीराला धक्काही लागत नाही. मात्र फ्रीजर स्वतःच्या मर्जीने सगळे गोठवतो, म्हणून त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडावा लागतो. पुढचे बहुतेक विवेचन उभ्या फ्रीजचे असले, तरी तोटी, ट्रे आणि नळी यांबाबतचे सगळे या चौकटीलाही तसेच लागू पडते.

मापे

फ्रीजमधले कप्पे काढून रिकामा केग आत ठेवावा. १९ लिटरच्या उभट केगचा व्यास साधारण २२ ते २३ सेंटिमीटर आणि उंची ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असेल तर केग आपोआप पुढे सरकतो आणि नेमका दारावर येतो. बिअर तोटीकडे ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडरही आतच ठेवायचा असेल, तर तोही या वेळीच ठेवून पाहावा. आता दार लावावे. ते केगला टेकत नाही ना, आणि टेकत नसेल तर केग व दार यांच्यामध्ये किती जागा उरते, हे कळण्यासाठी दाराच्या आतल्या अंगाला ओल्या कणकेचा किंवा मातीचा एक उंच गोळा चिकटवून दार लावावे आणि पुन्हा उघडावे. चेपल्यावर गोळ्याची जितकी जाडी उरेल तितकी खरी जागा. शँकचे आतले टोक, त्यावरचा नट आणि वळून खाली जाणारी नळी या सगळ्यांना मिळून पाच ते सहा सेंटिमीटर जागा हवी. ती केगच्या उंचीवर मिळत नसेल, तर तोट्या केगच्या माथ्याच्या वर काढाव्यात. माझ्या मते जागा मिळत असली तरी तोट्या तिथेच काढणे चांगले, कारण मग केग बदलताना काहीही आड येत नाही.

यानंतर ट्रेची पाळी. ज्या ग्लासातून खरोखर बिअर घ्यायची असेल, त्यांतला सर्वांत उंच ग्लास घ्यावा. साधा पाइंट ग्लास १५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, पण गव्हाच्या बिअरचा उभट ग्लास २४-२५ सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यात ग्लास तिरपा धरून सरळ करण्यासाठी तीन-चार सेंटिमीटर मिळवावेत. तोटीची चोच शँकच्या मध्यापासून साधारण सात-आठ सेंटिमीटर खाली उतरते. नक्की किती, ते आपल्या तोटीवर पट्टी लावूनच पाहावे, कारण प्रत्येक घडणीत फरक असतो. याचा अर्थ, उंच ग्लासासाठी ट्रेची जाळी आणि भोकाचा मध्य यांत ३५ ते ३६ सेंटिमीटर अंतर हवे. आता ट्रे आपल्याला सोयीच्या उंचीवर, म्हणजे कमरेच्या जरा खाली किंवा बरोबरीला धरावा, तिथे दारावर खूण करावी आणि तिथून हे अंतर वर मोजावे. भोक तिथेच पाडायचे.

दोन तोट्यांच्या मध्यांत किमान ७५ मिलिमीटर अंतर ठेवतात. मुठी जाड किंवा लाकडी असतील तर १०० मिलिमीटर ठेवावे, नाहीतर एक मूठ ओढताना दुसरी हलते आणि आपण ग्लासाकडे पाहत असताना भलतीकडूनच धार सुरू होते.

आडवी रेघ मारताना पाणसळ लावण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. घरातला फ्रीज क्वचितच अगदी सपाट उभा असतो, आणि पाहणाऱ्याची नजर तोट्यांची तुलना जमिनीशी करत नाही, दाराच्या काठाशी करते. म्हणून माप दाराच्या वरच्या काठापासून घ्यावे. पाणसळ ट्रेच्या वेळी लागेल.

काय घ्यावे

शँक म्हणजे दारातून आरपार जाणारी, बाहेरून आटे पाडलेली धातूची जाड नळी. तिचा व्यास सात सूत, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असतो, आणि भोकासाठी २२ ते २५ मिलिमीटरचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, लागतो. मी २५चा वापरतो. हे जरा सैल होते, पण बाहेरची चकती ते झाकते आणि दोन भोकांतला मिलिमीटरभराचा फरक बसवताना सावरून घेता येतो. शँक सर्वसाधारणपणे ८ ते १०.५ सेंटिमीटर लांबीचे मिळतात. दाराच्या जाडीत आतली पट्टी, वॉशर, नट आणि टोकाची जोडणी यांसाठी किमान दोन-अडीच सेंटिमीटर मिळवून लांबी ठरवावी. आतले भोक ५ मिलिमीटरचे आहे की ६चे, याला घरच्या मांडणीत फारसे महत्त्व नाही. धातू कोणता याला आहे. क्रोमचा मुलामा दिलेले पितळ स्वस्त असते, पण बिअर आम्लधर्मी असल्यामुळे काही काळाने मुलामा आतून झिजतो आणि पहिल्या घोटाला धातूची चव येऊ लागते. शँक आणि तोटी दोन्ही ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. काटकसर करायचीच असेल तर मुठीत करावी.

तोटीचे दोन प्रकार असतात. जुन्या घडणीत झडप मागे, शँकच्या तोंडाशी बसते, आणि तोटी बंद केल्यावर चोचीपर्यंतचा सगळा भाग ओला पण उघडा राहतो. त्यातली साखर वाळून झडप चिकटते, आणि आठवड्याने कोणीतरी मूठ जोराने ओढली की काहीतरी तुटते. दुसऱ्या घडणीत झडप पुढे, चोचीच्या तोंडाशी बसते. मागचा भाग बिअरने भरलेला राहतो आणि वाळण्याचा प्रश्नच येत नाही. घरी तोटी रोज चालतेच असे नाही, त्यामुळे ही दुसरी घडण घरासाठी अधिक योग्य आहे. घरात लहान मुले असतील तर मुठीवर बसणारे छोटे कुलूप याच वेळी घेऊन ठेवावे.

भोक पाडणे

फ्रीजचा प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. दाराच्या आतल्या बाजूला भोकाच्या जागी बाटल्यांचा कप्पा किंवा त्याचा खोबणीचा उंचवटा येत नाही, याची खात्री करून घ्यावी, कारण नटाला आत सपाट जागा लागते. प्लास्टिकचे अस्तरच काढून सपाट पत्रा लावावा असे काहींना वाटते. पण बऱ्याच दारांत रबरी पट्टी त्याच अस्तराखाली अडकवलेली असते, आणि एकदा ती निघाली की पूर्वीसारखी बसवताना घाम फुटतो. शक्य तोवर अस्तर ठेवून उंचवटा टाळावा.

भोकाच्या जागी रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण करावी. पट्टीमुळे पत्र्यावर ओरखडे येत नाहीत आणि गरम चुऱ्याने रंग पोळत नाही. खुणेवर पंच ठेवून हातोडीचा हलका ठोका द्यावा, म्हणजे बिट घसरत नाही. मग ३-४ मिलिमीटरच्या लांब बिटाने आरपार भोक पाडावे. बिट दाराला काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. दार चकचकीत असेल तर बिटाचे प्रतिबिंब त्यात दिसते. बिट आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसले की काटकोन झाला. दार खरखरीत असेल तर मधोमध भोक असलेली जुनी सीडी खुणेवर ठेवून तिच्यात पाहावे. ही खबरदारी जुजबी वाटते, पण दाराची जाडी पाच-सहा सेंटिमीटर असते, आणि सुरुवातीला तिरपे गेलेले बिट आत भलत्याच ठिकाणी निघते.

हे बारीक भोक पडले की त्यातून एक सरळ तार घालून दाराची त्या जागेची खरी जाडी मोजून घ्यावी, आणि आणलेला शँक पुरेसा लांब आहे ना हे आताच पाहावे. या क्षणापर्यंत सगळे काही बदलता येते.

होल सॉ आधी बाहेरून चालवावा. वेग कमी, दाब हलका. पत्रा पातळ असतो, त्यामुळे दात एकदम आत जातात आणि मशीनला झटका बसतो, म्हणून दोन्ही हातांनी धरावे आणि डोळ्यांवर गॉगल ठेवावा. पत्रा सुटून फोम लागला की आवाज एकदम मऊ होतो. तिथे थांबावे आणि उरलेले काम आतल्या बाजूने, त्याच बारीक भोकात होल सॉचे मधले बिट घालून करावे. बाहेरूनच दामटत आरपार नेले तर शेवटच्या क्षणी आतले प्लास्टिक फुटते. आणि त्याचा तडा भोकापाशी थांबत नाही, तो गारव्याने पुढे पुढे सरकत जातो. प्लास्टिकवर मशीन उलटे फिरवले तर दात कापण्याऐवजी घासतात आणि काठ अधिक स्वच्छ येतो.

दोन्हीकडची कोर कानशीने घासावी. पत्र्याच्या उघड्या पडलेल्या काठाला गंजरोधक रंगाचा हात द्यावा. घरात नेलपॉलिश असेल तर तेही चालते.

शँक आणि तोटी बसवणे

बाहेरून चकतीसह शँक आत सरकवावा. चकतीखाली भोकाभोवती खाद्ययोग्य सिलिकॉनची बारीक रेघ फिरवावी, कारण दमट हवा फोममध्ये शिरली की तो ओला होतो आणि गारवा धरून ठेवत नाही. आतल्या बाजूला नट थेट प्लास्टिकवर आवळू नये. प्लास्टिकमागे फोम आहे, आणि फोम दबतो. नट जितका आवळावा तितके अस्तर आत खचते आणि तोटी सैलच राहते. यासाठी हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची किंवा जलरोधक प्लायवुडची पट्टी कापून, तिला तसेच भोक पाडून ती नट आणि अस्तर यांच्यामध्ये घालावी. दोन तोट्यांसाठी एकच लांब पट्टी घेतली तर आणखी चांगले, कारण मग दोन्ही तोट्या एकमेकींना आधार देतात. नट हाताने घट्ट करून पान्याने अर्धा वळसा द्यावा. चकतीभोवती पत्रा दबताना दिसला तर तिथेच थांबावे.

शँकच्या बाहेरच्या टोकाला फिरणारा एक गोल नट असतो, आणि तोटी त्यात अडकते. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. हा नट तोटीवर चढण्यासाठी आपल्या दिशेने पुढे येतो, त्यामुळे समोर उभे राहून पाहिल्यास तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो आणि काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. आटे नेहमीचेच असतात, आपली पाहण्याची बाजू तेवढी बदललेली असते. तोटीच्या मागच्या तोंडावर बारीक दात असतात. ते शँकच्या दातांत नीट बसले, तोटी सरळ उभी राहिली, की मगच नट आवळावा. त्याच्या कडेला असलेल्या छिद्रात खुंटी बसणारा खास पाना मिळतो. पक्कडीने हे काम केले तर पहिल्याच दिवशी नटावर दातांचे व्रण उठतात.

ड्रिप ट्रे

ट्रेकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची प्रवृत्ती असते. प्रत्यक्षात तोटी बंद केल्यावर चोचीतून दोन-चार थेंब पडतातच, पहिला फेस टाकून द्यावा लागतो, आणि ट्रे नसेल तर हे सगळे दारावरून ओघळत जमिनीवर जाते. चिकट ओघळावर दुसऱ्या दिवशी चिलटे जमतात.

दोन तोट्यांना ३० सेंटिमीटर रुंदीचा ट्रे पुरतो. खोलीबाबत मात्र अंदाजावर राहू नये: तोटी बसवल्यावर चोचीतून ओळंबा सोडावा, दोऱ्याला एखादा नट बांधला तरी ओळंबा होतो, आणि तो जिथे लोंबेल ती जागा ट्रेच्या मध्याशी किंवा किंचित पुढे यायला हवी. पाठ दाराला टेकवून मोजलेला ट्रे कागदावर पुरेसा वाटतो, पण थेंब नेमके पुढच्या काठावर पडताना दिसतात.

बसवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला लोहचुंबकाचा. ट्रेच्या पाठीला रबराचा मुलामा दिलेले सपाट चुंबक लावले की भोके पाडावी लागत नाहीत, ट्रे उचलून थेट सिंकमध्ये धुता येतो आणि उंचीही बदलता येते. मात्र काही फ्रीजचे स्टीलचे दार चुंबकाला दाद देत नाही, म्हणून आधी साधा चुंबक चिकटवून पाहावा. शिवाय चुंबकाची खेचण्याची ताकद आणि खाली घसरू न देण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत; ट्रेवर भरलेला ग्लास ठेवला की तो हळूहळू खाली सरकतो. यासाठी चुंबक गरजेपेक्षा दुप्पट लावावेत आणि ते रबरी मुलाम्याचेच असावेत. दुसरा मार्ग रिवेट-नटाचा: पत्र्यात भोक पाडून त्यात आटे असलेला पोकळ रिवेट चेपायचा आणि त्यात ट्रेचे बोल्ट आवळायचे. हे सर्वांत टिकाऊ. तिसरा, साध्या स्क्रूचा मार्ग, फक्त सांगायचा म्हणून सांगतो. दाराचा पत्रा इतका पातळ असतो की स्क्रूचे आटे त्यात जेमतेम एक वळसा पकडतात, आणि मागचा फोम काहीच धरत नाही. महिन्याभरात ट्रे पुढे झुकतो.

पाणसळ लागते ती इथे. फ्रीजचे दार आपोआप मिटावे म्हणून फ्रीज बहुधा किंचित मागे झुकवून ठेवलेला असतो. ट्रे दाराला काटकोनात बसवला तर तोही मागे झुकतो, आणि सांडलेली बिअर दाराच्या पत्र्यापाशी, जिथे फडके पोहोचत नाही तिथे साचते. ट्रेच्या पाठीमागे वरच्या बाजूला एखादा पातळ वॉशर घालून ट्रे सपाट करावा किंवा थेंबभर पुढे कलता ठेवावा.

निचऱ्याची नळी असलेला ट्रे घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे उत्तर, ट्रे दारावर असेल तर नाही, असे आहे. निचऱ्याची नळी सतत उतारावर हवी. तिला कुठेही झोळ पडला की त्यात बिअर साचते, आंबते आणि वास वर येतो. दार उघडताना नळी आणि खालची बाटली दोन्ही सांभाळावी लागतात. कामाचे ठिकाण मोठे असेल, दिवसाला वीस-पंचवीस ग्लास भरले जात असतील, तर निचरा हवाच; घरी दोन दिवसांनी ट्रे उचलून धुणे यापेक्षा सोपे आहे. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. ट्रे दाराबरोबर फिरतो, त्यामुळे दार झटक्याने उघडले की साचलेली बिअर काठावरून उसळते. केग बदलण्यासाठी दार उघडण्यापूर्वी ट्रे रिकामा करावा.

नळी आणि दाब

तोट्या सुंदर बसल्या आणि ग्लासात नुसता फेस येतो, ही तक्रार सर्रास आढळते, आणि दोष जवळपास नेहमी आखूड नळीचा असतो. केगमध्ये जो दाब असतो तो तोटीपर्यंत पोहोचताना नळीच्या घर्षणात खर्ची पडायला हवा. तो खर्ची पडला नाही तर बिअर तोटीतून उसळत बाहेर येते आणि तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो. ३ ते ४ अंश सेल्सिअस तापमान आणि ०.७ ते ०.८ बार, म्हणजे १० ते १२ पीएसआय दाब ही बहुतेक फिकट बिअरसाठी चांगली जोडी आहे, आणि त्या दाबाला ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची सुमारे ३ मीटर नळी लागते. फ्रीजच्या आत एवढी नळी पाहून ती विनाकारण लांब वाटते. तरीही आधी ३ मीटरच ठेवावी. धार फार संथ वाटली तर वीत-वीत कापत जाता येते. कापलेली जोडता येत नाही. वेटोळे करून नळी केगच्या माथ्यावर आडवी ठेवावी आणि दार पूर्ण उघडले तरी ओढ बसणार नाही इतकी ढील सोडावी. नळी टोकावर चढत नसेल तर तिचे तोंड अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवावे, चढवावे आणि वर क्लिप आवळावी.

तपासणी

पहिल्यांदा बिअर जोडू नये, पाणी जोडावे. केगमध्ये स्वच्छ पाणी भरून दाब द्यावा. गॅसच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत; पाण्याच्या सांध्यांभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून रात्रभर ठेवावा, कारण डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागद लगेच दाखवतो. सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवला तर सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मापकाचा काटा काही तासांत बराच खाली आलेला दिसतो. ती गळती नसते. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ४ अंशांना सुमारे ३९ बार. द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथेच स्थिर राहतो. तो त्याहूनही खाली सरकू लागला तर एकतर गॅस संपत आला आहे किंवा खरोखर गळती आहे.

गळतीकडे केवळ खर्चाच्या नजरेने पाहू नये. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा खोलीच्या तापमानाला अर्ध्या घनमीटरहून अधिक वायू होतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि त्याला वास नसतो. लहान, बंद, खिडकी नसलेल्या खोलीत किंवा झोपण्याच्या खोलीत असा फ्रीज ठेवू नये. सिलिंडर नेहमी उभा ठेवून पट्ट्याने बांधावा आणि रेग्युलेटरशिवाय कशालाही जोडू नये.

वापरात असताना

नळ्या आणि तोट्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात. आधी अल्कधर्मी क्लीनर फिरवून, मग भरपूर पाणी आणि शेवटी निर्जंतुक करणारे द्रावण. तोटी दर वेळी सुटी करून चोचीत बारीक ब्रश घालावा. वास येतो तो बहुतेक वेळा नळीतून येत नाही, या चोचीतून येतो. ट्रेची जाळी उलटी करून तिची खालची बाजू घासावी. वरून ती स्वच्छच दिसते.

पहिला ग्लास भरताना तोटी एका झटक्यात पूर्ण उघडावी. अर्धवट उघडलेल्या झडपेच्या फटीतून बिअर जोराने घासत जाते आणि तिचा फेस होतो, तेव्हा फेसाच्या भीतीने हळू उघडणारा माणूसच अधिक फेस काढतो. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरावा, अर्ध्याहून थोडा अधिक भरल्यावर सरळ करावा आणि तोटी तशाच झटक्याने बंद करावी. शँक दारातून आत, गारव्यात असतो, पण तोटी बाहेरच्या हवेत असते, त्यामुळे बऱ्याच वेळाने घेतलेल्या पहिल्या ग्लासात जरा जास्त फेस येणे साहजिक आहे. दुसऱ्या ग्लासापर्यंत धातू थंड होतो. दुसऱ्या ग्लासालाही तसाच फेस आला तर आतल्या वरच्या आणि खालच्या भागातले तापमान मोजावे. थंड हवा तळाशी बसते आणि वरची नळी गरम राहते. एक छोटा संगणकाचा पंखा खालून वर तोंड करून लावला की हा फरक जातो.

तोटी बंद केल्यावर थेंब कुठे पडतात ते या पहिल्या ग्लासालाच पाहून घ्यावे. ते जाळीच्या पुढच्या पट्टीवर पडत असतील, तर बोल्ट अजून पूर्ण आवळलेले नसतानाच ट्रेच्या पाठीमागे दोन वॉशर वाढवून तो तेवढा पुढे घ्यावा.